तळ्यातली संकष्टी

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. मला जे वाटलं ते खरंच तसं होतं, हे मला पटवून देता येणार नाही. पण अलास्कातला तो उन्हाळा आठवला, की अजून अंगावर गार पाणी आल्यासारखं होतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. संशोधनाच्या कामासाठी सरांनी आम्हाला उन्हाळ्यात तिकडे नेलं होतं. काम संपलं की आम्ही सगळे तळ्यात उतरायचो. बाकीचे पोहायचे, मी काठाशीच डुबकी मारायचे आणि नद्यांची नावं घ्यायचे, बाबांनी गावच्या नदीवर शिकवली होती तशी. अशातच बाबांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं, नेमकं संकष्टीच्या दिवशी. मला जाता येत नव्हतं. म्हणून मी त्या दिवशीचा उपास धरला, आणि चंद्र बघितल्याशिवाय घास घ्यायचा नाही असं ठरवलं.

तिकडे उन्हाळ्यात अंधारच पडत नाही, हे रोज बघत असूनही माझ्या लक्षात आलं नाही. जेवणाची वेळ टळली तरी ऊन तसंच, आणि चारी बाजूंना डोंगर. पोटात सकाळपासून काही नव्हतं. अंघोळ करून पुन्हा बघू, म्हणून तळ्यात उतरले आणि गणपतीचं स्तोत्र पुटपुटू लागले.

“कोण गं तू? मराठी?”

टी-शर्ट घातलेल्या एक काकू पाण्यावर निवांत पाठीवर पडल्या होत्या. श्रूजबरी नावाच्या गावाहून काकांबरोबर फिरायला आलेल्या. मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

“अगं वेडे, इथे चंद्राची वाट बघत बसलीस तर डायरेक्ट दिवाळीला जेवशील!” त्या हसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “बाबांच्या गावी उगवला ना? मग झालं. ये, पाठीवर पड.”

“बुडेन मी, काकू.”

“माझा हात आहे ना.”

पाठीखाली तो तळवा लागला आणि गावची नदी आठवली. बाबा असाच हात धरायचे. “अंग सोड, पाणी उचलतं,” म्हणायचे. मला ते कधीच जमलं नव्हतं. त्या दिवशी मी चंद्र शोधणं सोडलं. मनात एवढंच म्हटलं, देवा, आता तूच बघ. काकूंनी हात कधी काढून घेतला, मला कळलंही नाही; पाठीखाली कुणाचा तरी हात आहे, असंच वाटत राहिलं.

नंतर त्यांच्या केबिनमध्ये गरम वरण-भात होता. “प्रवासात कुकर नेते म्हणून मी हिला हसायचो,” काका म्हणाले. मी दुसरा घास घेत होते, तेवढ्यात आईचा फोन आला.

“ऑपरेशन नीट झालं गं. शुद्धीवर आल्या आल्या पहिलं काय विचारलं, तर पोरगी जेवली का.”

मी फोन काकूंपुढे धरला. त्यांनी तो कानाला लावला. “जेवतेय हो, माझ्यासमोरच बसलीय.”

बाबा आता बरे आहेत. त्या काकू पुन्हा भेटल्या नाहीत, पण त्यांची आठवण आली नाही अशी एकही संकष्टी गेली नाही. कधी चंद्र ढगाआड राहिला, तर आता हट्ट करत नाही. डोळे मिटून पाठीखालचा तो हात आठवते, नमस्कार करते आणि जेवायला बसते.