भाऊजींचा जबडा आणि चोंबडू

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, चष्म्याच्या दुकानात काम करतात. काच घासून मापाची करायची, फ्रेममध्ये बसवायची, मग गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवून कानामागची दांडी जरा गरम करून वाकवायची. दिवसभरात त्यांच्या तोंडून निघणारे शब्द एवढेच: "टोचतंय?" "आता?" "जरा खाली बघा." बाकीचं सगळं बोलणं ते सुट्टीच्या दिवसासाठी शिल्लक ठेवतात. कारण सुट्टीच्या दिवशी भाऊजी मुलांच्या वाढदिवसांना बोलक्या बाहुल्याचा खेळ करतात.

बाहुल्याचं नाव चोंबडू. चार वर्षांच्या पोराएवढा, लोकरीचे केस, ताईने शिवलेला चौकड्यांचा शर्ट, आणि पायांत खरेखुरे बूट. भाऊजी स्वतः जे बोलायला धजत नाहीत ते सगळं चोंबडू बोलतो. एकदा तर भर खेळात तो ताईला म्हणाला, "काकू, चहात साखर टाकायची असते, आठवतं का?" ताई दोन दिवस भाऊजींशी बोलली नाही. चोंबडूशी मात्र बोलली, आणि तेही चांगलंच खरमरीत.

तर अशाच एका सुट्टीच्या सकाळी भाऊजी स्कूटरवरून खेळाला निघाले होते. पायांशी चोंबडूची पेटी. डोक्यावर हेल्मेट होतं, पण टोपीसारखं, हनुवटी उघडी टाकणारं. एका वळणावर कुणाच्या तरी बांधकामाची वाळू रस्त्यावर सांडली होती. पुढचं चाक सटकलं आणि भाऊजींची हनुवटी थेट फुटपाथच्या कडेवर आपटली. पेटी उडाली, उघडली, आणि चोंबडू रस्त्याच्या मधोमध हातपाय पसरून पडला.

लोक धावले. पण कुणाकडे? चोंबडूकडे! रस्त्यात लहान मूल निपचित पडलेलं दिसल्यावर मोठ्या माणसाकडे कोण बघतंय? समोरच्या लाँड्रीवाल्या बाईंनी त्याला उचललं आणि त्या किंचाळल्या, "अगं बाई, लेकरू लाकडासारखं कडक झालंय!"

इकडे भाऊजींच्या तोंडात रक्त, जबडा एका बाजूला लोंबतोय, तोंड हलवायची सोय नाही. पण तोंड न हलवता बोलायची सवय आयुष्यभराची. घशातून जो आवाज निघाला तो चोंबडूचाच निघाला: "अहो, त्याला काही झालं नाही! इकडे या!"

आपल्या हातातलं पोरच बोललं असं बाईंना वाटलं. त्यांनी चोंबडू असा काही भिरकावला की तो थेट त्यांच्याच दुकानातल्या इस्त्रीच्या कपड्यांवर जाऊन पडला. ते बघून भाऊजींना हसू आलं. "पडल्यावर जेवढं दुखलं नाही तेवढं त्या हसण्याने दुखलं," असं ते अजून सांगतात.

बाई मात्र मोठ्या धीराच्या. काय झालंय ते कळल्यावर त्यांनी दुकानातली एक स्वच्छ चादर फाडली, भाऊजींची हनुवटी खालून उचलून डोक्याशी बांधली आणि रिक्षात घालून त्यांना इस्पितळात नेलं. एका हाताने भाऊजींना धरलं होतं. दुसऱ्या हातात चोंबडू होता, शक्य तितका लांब धरलेला.

मी आणि ताई पोचलो तोवर फोटो काढून झाले होते. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता, एकदा हनुवटीपाशी आणि एकदा कानाजवळ. उजव्या गालाचं हाड आत दबलं होतं. पुढचा एक दात गेला होता आणि खालचा ओठ फाटला होता. जबड्याच्या डॉक्टरबाई ठेंगण्याशा होत्या, बोलायला अगदी शांत. ताईचा चेहरा पांढराफटक पडलेला बघून त्यांनी तिला आधी खुर्चीत बसवलं.

"हाडं जुळतात," त्या म्हणाल्या. "गालाचं हाड उचलू, हनुवटीला छोट्या पट्ट्या स्क्रूने बसवू. कानाजवळचं हाड मात्र न कापता जुळवायचं. त्यासाठी वरचे-खालचे दात तारेने आणि रबरांनी काही आठवडे एकमेकांशी बांधून ठेवावे लागतील."

"म्हणजे तोंड बंद?" ताईने विचारलं.

"बंद. फक्त पातळ खाणं. आणि बोलणंही अवघडच."

शस्त्रक्रिया नीट पार पडली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई फेरीवर आल्या तेव्हा भाऊजींचा चेहरा फुगून भोपळ्यासारखा झाला होता, डोळ्यांच्या जागी दोन फटी. डॉक्टरबाईंनी त्यांना समजावलं, "बोलायचा प्रयत्न करू नका. खुणेने सांगा. काही हवंय का?"

त्या मिटलेल्या दातांआडून स्वच्छ आवाज आला, "स्क्रू किती जाडीचा?"

डॉक्टरबाईंनी ताईकडे बघितलं. "तुम्ही बोललात?"

"नाही हो, हेच बोलले."

डॉक्टरबाईंनी खिशातून बॅटरी काढून आधी सगळी रबरं जागेवर आहेत ना ते तपासलं. सगळी जागेवर होती. मग स्टूल ओढून त्या बसल्या. "चष्म्याच्या दांडीला लागतो ना, त्यापेक्षा थोडा मोठा," त्या म्हणाल्या. "आता मला सांगा, हे तुम्ही कसं केलंत?"

मी खाटेखालून चोंबडूला काढून त्यांच्यापुढे धरलं. त्या एवढ्या जोरात हसल्या की नर्स धावत आली.

घरी आल्यावर मात्र हसण्यासारखं फार काही नव्हतं. ताईचा मिक्सर सकाळपासून घरघरायचा. सूप, दूध, फळांचे रस, भाताची गाळलेली पेज. भाऊजी नळीने ओढत राहायचे आणि आमच्या ताटांकडे बघत राहायचे. शेवटी आम्ही आमची ताटं घेऊन स्वयंपाकघरात जेवायला लागलो, तर ते तिथेही आले. म्हणाले, "वास तरी घेऊ द्या!" लहान मुलांच्या ब्रशने तारा घासायच्या, मिठाच्या पाण्याने चुळा भरायच्या, आणि उलटी आलीच तर रबरं कापायला कात्री सतत गळ्यात. ताई म्हणायची, "शिंपी झालात बघा!"

गालाच्या सुजेमुळे चष्मा एका बाजूला वर चढायचा. भाऊजी दुकानातून सामान मागवून घेऊन आपली दांडी आपणच वाकवायचे. सूज जराशी उतरली की चष्मा पुन्हा तिरका व्हायचा आणि ते पुन्हा दांडी वाकवायचे. डॉक्टरबाईंना फोटोवरून काय ते कळायचं, भाऊजींना दांडीवरून. "आज उजवा गाल खाली आलाय," ते सांगायचे, आणि खरंच आलेला असायचा.

पण खालचा ओठ बधिर होता, धड हलतही नव्हता. पाणी प्यायलं की हनुवटीवरून ओघळायचं आणि त्यांना पत्ताच लागायचा नाही. ताई बोटाने खूण करायची, मग ते घाईघाईने पुसायचे. चारचौघांत असं झालं की ते फार ओशाळायचे. एकदा मी गेले तर ते आरशासमोर उभे राहून खालच्या ओठाला बोटाने टिचक्या मारत होते. मला बघून थांबले.

"मेहुणीबाई, हा माझा ओठच नाही असं वाटतं," ते म्हणाले. "दुसऱ्याचा आणून चिकटवलाय."

त्याच दिवशी त्यांनी चोंबडूला पेटीत घालून कपाटावर चढवलं. ओठ न हलवता बोलायचं तर ओठ कुठे आहे हे तरी कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरबाई म्हणत होत्या की आतली नस दुखावली आहे, तुटलेली नाही, हळूहळू जाणीव परत येईल. आधी मुंग्या येतील, मुंग्या आल्या की कळवा. पण मुंग्या काही येत नव्हत्या.

मग एका तपासणीच्या दिवशी इस्पितळातल्या बाकावर भाऊजींच्या शेजारी एका शाळेच्या मुख्याध्यापिका येऊन बसल्या. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचाही जबडा मोडला होता आणि दात बांधलेले होते. बरोबर सूनबाई होती. सूनबाई हळूच ताईला म्हणाली, "अपघात झाल्यापासून एक शब्द बोललेल्या नाहीत. एकदा बोलायला गेल्या, ते सगळं लडबडलं, आणि घरातलं कुणीतरी हसलं. तेव्हापासून गप्प. सगळी शाळा ज्यांच्या आवाजाला घाबरते, त्या आता मान हलवून चहा मागतात."

भाऊजींनी ते ऐकलं. ताईला म्हणाले, "पुढच्या वेळेला त्याला घेऊन येऊ."

आणि खरंच, पुढच्या तपासणीला चोंबडू कपाटावरून खाली उतरला. बाकावर भाऊजींच्या मांडीवर बसून त्याने मुख्याध्यापिकाबाईंकडे मान वळवली. "नमस्कार आजी! दातांना कुलूप घातलंत का? चावी हरवली?"

मुख्याध्यापिकाबाईंनी चोंबडूला आपादमस्तक न्याहाळलं. मग त्यांच्या मिटलेल्या दातांतून आवाज आला, थोडा चिरका, पण सगळ्यांना कळेल असा:

"आधी नीट बस. कॉलर सरळ कर. आणि आजी कुणाला म्हणतोस?"

सूनबाई तिथल्या तिथे रडायला लागली. चोंबडू सावरून बसला. त्यानंतर अर्धा तास भाऊजींनी त्यांना आपली विद्या शिकवली. प, ब, म ही अक्षरं ओठांची. सुजलेल्या ओठांना ती जमत नाहीत. मग 'पाणी'ऐवजी जिभेने 'ताणी' म्हणायचं, पण मनात 'पाणी' ठेवायचं, आणि म्हणायचं अशा ठसक्यात की ऐकणाऱ्याला 'पाणी'च ऐकू यावं. "बाईला दाई म्हणा," भाऊजी म्हणाले, "कुणाला कळणार नाही."

"मला दाई म्हणालात तर मला कळेल," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. त्यातला म त्यांनी भाऊजींपेक्षा चांगला काढला.

डॉक्टरबाई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. त्यांनी भाऊजींना आत बोलावून सांगितलं, "तपासणीच्या दिवशी जरा लवकर येत जा. माझे निम्मे पेशंट मुके होऊन बसतात. त्यांना तुमच्याकडे पाठवते." अशी भाऊजींची बाकावरची शाळा सुरू झाली. घरी ताई म्हणाली, "आयुष्यभर मी बोला बोला म्हणून मागे लागले, आणि हे बोलायला लागले ते तोंड बंद झाल्यावर!"

सूज पुरती उतरल्यावर भाऊजी दुकानात जायला लागले. एका दुपारी काच घासता घासता ते एकदम उठून ओरडले, "मुंग्या आल्या! मुंग्या आल्या!" मालक आतून मुंग्यांच्या पावडरीचा डबा घेऊन धावत आले आणि "कुठे? कुठे?" म्हणत त्यांनी भाऊजींचं टेबल पांढरं करून टाकलं. भाऊजी आपल्या ओठाकडे बोट दाखवत होते. मालकांना काही उमगेना, त्यांना वाटलं यांनी मुंगी खाल्ली. सगळा उलगडा झाल्यावर मालकांनी शेजारच्या दुकानांतही चहा वाटला. भाऊजींनी आपला नळीने घेतला.

पुढे रबरं निघाली. आम्हाला वाटलं, आता तोंड उघडेल आणि हे पहिल्यांदा ओरडतील, गातील, निदान जेवतील. तर तोंड उघडलं ते जेमतेम बोट जाईल एवढंच. सांधा आखडला होता. मग व्यायाम. डॉक्टर घसा बघायला वापरतात तसल्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, आणि जमेल तशी एकेक वाढवायची. शिवाय आरशासमोर आ, ई, ऊ, तोंड जेवढं वेडंवाकडं करता येईल तेवढं करायचं. भाऊजींनी हे एवढं मनावर घेतलं की गिऱ्हाइकं दचकायला लागली. "टोचतंय?" विचारताना त्यांचा सगळा चेहरा ताणला जायचा.

पहिला घास त्यांनी मऊ केळ्याचा खाल्ला. ताई समोर बसली होती. चावता चावता त्यांचे डोळे भरून आले. "दुखतंय का?" तिने विचारलं.

"नाही गं," ते म्हणाले. "चावतोय."

नव्या दाताचं माप देऊन झालं आणि मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला: शाळेत मुलांसाठी खेळ करायचाच, सबब चालणार नाही. भाऊजींना रात्रभर धाकधूक. ताईला आणि मला त्यांनी मागच्या रांगेत बसवलं. खेळ सुरू झाला, चोंबडू बोलायला लागला, मुलं खिदळायला लागली. तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक चिमुरडी उभी राहिली आणि बोट दाखवून मोठ्याने म्हणाली, "तो नाही बोलत! हे काकाच बोलतायत! त्यांचे ओठ हलतायत!"

बाहुल्याच्या खेळात याहून मोठी नाचक्की नाही. ताईने माझा हात घट्ट धरला.

भाऊजी त्या मुलीकडे बघतच राहिले. मग चोंबडूला मांडीवर तसाच ठेवून पुढे वाकले. "कुठला हलतोय? वरचा की खालचा?"

मुलीने नीट निरखून बघितलं. "दोन्ही. पण खालचा जास्त."

"खालचा?" भाऊजींचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "पुन्हा बघ बरं. खात्रीने खालचा?"

"हो!"

"शाबास!" म्हणून भाऊजींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मुलांना कळेना काय झालं, पण टाळ्या म्हटल्यावर तीही वाजवायला लागली. मुख्याध्यापिकाबाईंना सगळं कळलं होतं. त्या उभ्या राहून वाजवत होत्या. ताई हसत होती की रडत होती ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

आता भाऊजींच्या हनुवटीखाली एक पांढरी रेघ आहे, आणि खूप मोठी जांभई दिली की कानापाशी कट्ट असा आवाज येतो. ओठ हलू न देण्याचा सराव ते पुन्हा करतात आणि तो जमतोही, फार थकले नसतील तर. इस्पितळातल्या बाकावर अजून जातात. मागच्या खेपेला एक धिप्पाड ट्रकचालक आला होता, दात बांधलेला, चिडलेला. चोंबडूने त्याला विचारलं, "काका, हॉर्न तरी चालू आहे का?" त्या माणसाने मिटल्या दातांतून असा काही भोंगा वाजवला की डॉक्टरबाई हातातलं काम टाकून बाहेर आल्या.