हातभर मागे सरकवलेली बोट

आमच्या बोटीच्या ट्रेलरचा पुढचा दांडा जीपच्या हुकावर ठेवायला पूर्वी दोन माणसं लागत. बोटीची देखभाल माझ्याकडे आली आणि मी तो एकटा उचलू लागलो. आमच्या पूर-बचाव पथकातली बहुतेक मंडळी शेतकरी घरची, अंगमेहनतीची. मी नांदेडच्या एका दैनिकात बातम्या तपासत पन्नाशी गाठलेला. त्यामुळे हे सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं. "संपादकाच्या हातात गुण हाय," असं आमचा जीपचालक म्हणे. मी ते वाक्य दुरुस्त करत नसे. खरं तर मी बोट ट्रेलरवर हातभर मागे सरकवली होती. वजन मागे गेलं की दांडा आपोआप हलका होतो.

पथक स्वयंसेवकांचं होतं. गोदावरीला पूर आला की नांदेडमध्ये, आणि बोलावणं आलं की लातूर जिल्ह्यातल्या गावांमध्येही आम्ही जात असू. बोट देणगीतून मिळालेली. खाली फायबरचा कडक तळ, दोन्ही कडांना हवा भरलेल्या जाड नळ्या, मागच्या उभ्या फळीवर इंजिन. ट्रेलर मात्र जुना, दुसऱ्याच कुठल्या तरी बोटीसाठी केलेला. बोटीसोबत आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक मी मराठीत उतरवलं होतं, म्हणून देखभाल माझ्याकडे.

पथकाचे प्रमुख जळकोटकडचे निवृत्त सुभेदार. त्या मे महिन्यात लातूरजवळच्या तलावावर सराव ठरला, तेव्हा ते म्हणाले, "पावसाळ्याच्या आत एक माणूस नेमायचा. बोट त्याच्या दारात राहणार, बोलावणं आलं की तोच बोटीसंगं जाणार. लातूरला ठरवू." मला ती नेमणूक हवी होती. तीस वर्षं मी पुराच्या बातम्या टेबलावर बसून लहान-मोठ्या केल्या होत्या. घोटाभर पाण्यातही उभा राहिलो नव्हतो.

पहाटे निघालो. जीपमध्ये चालक, सुभेदार आणि मी. लोहा मागे पडल्यावर चालक आरशात वारंवार बघू लागला.

"साहेब, ट्रेलर शेपूट हलवून राहिलंय."

"हळू घे," मी म्हणालो.

"हळूच हाय. ह्याच्याहून हळू म्हंजे ढकलत न्यावं लागंल."

अहमदपूरला मार्केट यार्डाच्या मागे चालकाच्या ओळखीचा एक मिस्त्री होता. उसाच्या ट्रॉल्या बनवणारा. घर पिढ्यान्‌पिढ्या गावातलंच. आजोबा टांग्याची चाकं करत, वडील बैलगाडीचे लोखंडी आस. चाळिशीचा असेल. ट्रेलर त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये सावलीत लावला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. पाठीवर झोपून खाली सरकला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आम्हाला फक्त त्याची पावलं दिसत होती.

"बोट कुणी बसवली?" खालूनच आवाज आला.

"हे आमचे संपादक," सुभेदार म्हणाले.

तो बाहेर आला, कपडे झटकले. "सर, बुरा मानू नका. इंजिनाखाली काहीच न्हाई."

मग त्यानं दाखवलं. बोटीचा तळ ज्या दोन लांब लाकडी फळ्यांवर बसतो, त्या बोटीच्या मागच्या उभ्या फळीपर्यंत पोचायला हव्यात, कारण इंजिनाचं सगळं वजन तिथं येतं. बोट मागे सरकल्यामुळे फळ्या हातभर आधीच संपत होत्या. खड्ड्यात चाक गेलं की इंजिन अधांतरी झोके घेत होतं आणि शेवटी तळ वाकणार होता. पुढच्या बाजूला उलटं झालं होतं. बोट नाकाकडे निमुळती होते. ती मागे गेल्यावर फळ्यांची पुढची टोकं तळाखालून सुटून हवेच्या नळ्यांखाली आली होती. तिथं मी सोयाबीनचं भुसकट भरलेली दोन पोती ठेवली होती. नळ्यांना लाकूड लागू नये म्हणून.

"मऊ चीज हाय म्हणून मऊ बिछाना," मिस्त्री म्हणाला. तो हसला नाही. चालक मात्र हसला. "पर ह्या नळ्या पाण्यात तरंगायच्या कामाच्या. रस्त्यावर त्यांच्यावर वजन घ्यायचं न्हाई. त्या लोंबत्या पाहिजेत. वजन सगळं तळाच्या कण्यावर."

माझ्या मराठी पुस्तिकेत चौथ्या पानावर हेच लिहिलेलं होतं, माझ्याच शब्दांत. त्यानं ते वाचलेलं नव्हतं.

"मग संपादक, मागं का घेतली होती?" सुभेदारांनी विचारलं.

मिस्त्रीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "दांडा हलका व्हायला. ट्रॉलीवाले बी करतेत. मग मला घर चालवायला धंदा मिळतो."

पोती काढली. एका बाजूचं भुसकट ओलं होऊन काळं पडलं होतं. नाकाला टेकणारा रबरी ठोकळा त्यानं पुढे सरकवून पक्का केला, बोट त्याला टेकेपर्यंत पुढे घेतली, फळ्यांच्या पुढच्या टोकांमधलं अंतर कमी करून त्या पुन्हा तळाखाली आणल्या. दांडा आता जड झाला, तर त्याखाली भंगारातलं एक छोटं चाक वेल्ड करून दिलं. "आता उचलायचंच न्हाई. ढकला." तीन तास तो काम करत होता आणि सुभेदार त्याच्याजवळ स्टूल टाकून बसले होते. पहिल्या तासाला "मिस्त्री", दुसऱ्या तासाला "उस्ताद". मी त्यांना दोन वर्षं ओळखत होतो. मला ते कामाचं काही विचारायचे तेव्हा उभ्यानं विचारायचे.

मिस्त्रीच्या डाव्या हाताला एक नख नव्हतं. तो वेल्डिंग करताना गुणगुणत असे. समोरच्या दुकानातून चहा न सांगता येई. मला ह्यातली प्रत्येक गोष्ट खटकली. त्याचं काम कुठे चुकतं ते मी बघत होतो. बातमी तपासताना असंच बघतो आपण, असं मी स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. बातमी चुकलेली निघावी अशी इच्छा नसते.

शेवटी बोट बांधायची वेळ आली. मी ती मागच्या फळीच्या दोन लोखंडी कड्यांना आणि नाकाच्या कडीला बांधत असे. मिस्त्रीला ते पुरेसं वाटेना. "एवढा नग आन् तीन कड्यांवर? उसाची ट्रॉली वरून आवळत्यात, सर." त्यानं दोन रुंद पट्टे नळ्यांवरून आडवे टाकले आणि खटका मारत करकचून ताणले.

इथं तो चुकला होता. पट्टा नळीवरून घ्यायचा नाही, आणि उन्हात नळ्या फुगतात म्हणून प्रवासात हवा थोडी कमी ठेवायची. हे पाचव्या पानावर होतं. आम्ही पहाटेच्या गारव्यात हवा भरली होती, पट्टे सावलीत आवळले होते, आणि बाहेर मे महिन्यातली दुपार होती. मी पट्ट्याकडे बघितलं. काही बोललो नाही. पुन्हा बघितलं. मग जीपमध्ये जाऊन बसलो.

ट्रेलर आता रेषेत चालत होता. सुभेदार मिस्त्रीबद्दल बोलत होते. "असा माणूस पथकात पाहिजे. नांदेड-लातूरच्या बरोब्बर मध्ये राहतो." मी आरशात मागे बघत होतो. नळ्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर येत होत्या. नळी फाटली तर पावसाळाभर बोट उभी राहिली असती आणि कुणाच्या तरी गावाला आम्ही पोचलो नसतो. हे मला स्पष्ट दिसत होतं. मी चाकूर येईपर्यंत थांबलो.

चाकूरच्या अलीकडे म्हणालो, "थांबव जरा." उतरलो, पट्टे सोडवले, झडपा दाबून दोन्हीकडची हवा कमी केली. नळीवर पट्ट्याचा खोल वळ उठला होता. सांध्याचा डिंक एका जागी चिरला होता, अजून उसवला नव्हता. मी कड्यांना बोट बांधली.

सुभेदार वाकून तो वळ बघत राहिले. "तुम्ही नसता तर गेली होती बोट."

"लक्ष गेलं," मी म्हणालो.

लातूरला तलावावर सगळ्यांसमोर त्यांनी हीच गोष्ट सांगितली आणि पावसाळ्याची नेमणूक मला दिली. मग तिथूनच मिस्त्रीला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू करून. "उस्ताद, तुमच्या पट्ट्यानं नळी कापत आणली होती. आमच्या संपादकानं वाचवली."

पलीकडे क्षणभरही शांतता नव्हती. "मग चुकलं माझं. ते म्या वरूनच बांधत आलो आजवर. सरांना म्हणावं, कसं बांधायचं ते मला शिकवा एकदा."

आठ-दहा माणसं ऐकत होती. त्याला त्यात काहीच जड गेलं नाही. ट्रेलर, वेल्डिंग, सुभेदारांचं स्टूल ह्या सगळ्यांपेक्षा मला त्याचं हे "चुकलं माझं" जास्त लागलं. तेच वाक्य म्हणायला मला अहमदपूरच्या शेडमध्ये सकाळी तीन तास मिळाले होते.

पुढच्या रविवारी मी एसटीनं अहमदपूरला गेलो. तो एका ट्रॉलीचा आस बसवत होता. मी बसलो नाही. म्हणालो, "पट्टे चुकलेत हे मला इथंच दिसलं होतं."

"मला ठाव हाय," तो म्हणाला. "तुम्ही दोनदा बघितलं पट्ट्याकडं. म्या वाट बघितली, बोलताल म्हणून. मग वाटलं, पुस्तक वाचलेला माणूस गप हाय म्हंजे बरोबरच असंल."

मी तिथूनच सुभेदारांना फोन केला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"चाकूरपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग बोट अहमदपुरात राहू द्या," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी मी आणि चालक बोट मिस्त्रीकडे पोचती करायला गेलो. खरं सांगून टाकलं की हलकं वाटतं असं म्हणतात. मला वाटलं नाही. मिस्त्रीनं बोट शेडमध्ये घेतली, मी दाखवलं तसे पट्टे कड्यांना लावून बघितले, दोनदा सोडले, तिसऱ्यांदा माझ्यापेक्षा लवकर बांधले.

"बघा सर, नळ्या मोकळ्या हायत का."

मी गुडघ्यावर बसलो आणि नळी व खालची लाकडी फळी यांच्या मधल्या फटीतून हात घातला. नाकापासून मागच्या फळीपर्यंत हळूहळू सरकवत नेला. मग दुसऱ्या बाजूनं. कुठं तरी अडेल म्हणून मी बघत होतो.

"हायत," मी म्हणालो.

"मग चहा घ्या," तो म्हणाला. चहा आधीच आलेला होता.