शुक्रवारपासूनची शून्यं

पिशवीतून ऑक्सिजनचा मास्क निघाला. तोही धुऊन, पुसून, रुमालात गुंडाळलेला. माझा हात तिथेच थांबला.

"भाभी, हा कशाला परत आणलात? हा घरी लागतो ना!"

"ह्यांनीच बांधून दिलं सगळं," नजमाभाभी म्हणाल्या. "बोलले, डॉक्टरांचं काय आपल्याकडे राहायला नको. आज एकदम शांत हायत. मला तर बरं वाटलं."

मला नाही वाटलं.

मी वाशीला एका न्यूरोलॉजिस्ट मॅडमच्या क्लिनिकमध्ये ट्रायल कोऑर्डिनेटर आहे. नाव मोठं आहे, त्यावर जाऊ नका. आले होते अपॉइंटमेंटा लिहायला. मॅडमनी भयंकर डोकेदुखीच्या नव्या औषधांवर काम सुरू केलं आणि त्यांचे कागद सांभाळता सांभाळता मी त्यातलीच होऊन गेले. कॉलेज पाहिलेलं नाही. जे येतं ते पेशंटांनी शिकवलं, आणि उरलेलं मॅडमच्या ओरड्याने.

भाभींचे मिस्टर इकबालभाई उरणचे. कंटेनर यार्डात टॅली क्लार्क, म्हणजे आत आलेल्या, बाहेर गेलेल्या प्रत्येक कंटेनरची नोंद ठेवणारे. त्यांना क्लस्टर हेडेक. मायग्रेनवाला अंधारात पडून राहतो. क्लस्टरवाल्याला बसवत नाही की निजवत नाही. एका डोळ्यामागे कुणी तापलेली सळई फिरवावी तसं होतं, माणूस भिंतीवर डोकं आपटतो. आणि विचित्र काय, तर कितीतरी जणांना हे रोज ठरल्या वेळी येतं. इकबालभाईंना दुपारी चार दहाला. रविवार नाही, ईद नाही. त्यावर लगेच उतारा म्हणजे मास्कमधून जोरात ऑक्सिजन. तोच त्यांनी परत पाठवला होता.

आमच्या ट्रायलमध्ये महिन्याला एक इंजेक्शन. कुणाला खरं औषध, कुणाला नुसतं सलाईनचं पाणी. कुणाला काय, हे पेशंटला ठाऊक नसतं आणि मॅडमनाही नसतं. पेशंटने रोज डायरीत एक ओळ लिहायची: दुखणं किती वाजता आलं आणि शून्य ते दहात किती दुखलं. शून्य म्हणजे त्या दिवशी दुखलंच नाही. आमच्याकडे एखाद्याचं शून्य आलं की मॅडम स्वतः चहा मागवतात.

मी डायरी उघडली. चार दहा, दहा. चार दहा, दहा. पानभर तेच. बुधवार होता, सकाळचे अकरा वाजले होते, आणि आजची ओळ भरलेली होती. चार दहा, दहा. गुरुवारचीही तशीच. आणि शुक्रवारपासून शून्य. शून्य, शून्य, शून्य, थेट महिनाअखेरपर्यंत. सुबक अक्षर, एक खाडाखोड नाही. खाली सही.

भाभींना बाहेरच्या बाकावर बसवून मी डायरी थेट मॅडमकडे नेली.

मॅडमनी डायरी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "पुढचे दिवस भरलेत! काकू, हे सरळ खोटं आहे. ह्यांना ट्रायलमधून काढावं लागेल."

"काढा. पण मॅडम, खोटंच लिहायचं तर आज-उद्याचे दहा कशाला लिहिले? तिथेही शून्य टाकलं असतं."

"औषध लागू पडेल अशी आशा असेल."

"आशा असलेला माणूस मास्क परत करतो?"

मॅडमनी पुन्हा डायरी पाहिली. मग गाडीची किल्ली उचलली. "सिलिंडर घरीच आहे ना? भाभींना खाली घेऊन या. मास्क विसरू नका."

कंटेनरच्या ट्रेलरांनी रस्ता तुंबलेला, पोचायला तीन तास गेले. रस्ताभर भाभी तीनदा म्हणाल्या, "डायरीत काय चुकलं काय त्यांचं?" आम्ही दोघी काय सांगणार? मॅडम म्हणाल्या, "नाही, तपासायचं आहे त्यांना."

इकबालभाई बाहेरच्या खोलीत बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. पावणेतीन झाले होते. भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या समोर, आणि खुर्ची नेमकी त्याच्याकडे तोंड करून.

"या डॉक्टर. या ताई. तुमी कशाला तकलीफ घेतली?"

मॅडमनी भाभींना चहाला आत पाठवलं. डायरी त्यांच्यापुढे धरली. "शुक्रवारपासून शून्य कसं, इकबालभाई?"

ते हसले. खरंच हसले हो. "शिफ्ट सोडताना रजिस्टर अर्धं ठेवून जात नाय आमी. पुढच्या माणसाला त्रास."

मॅडमनी आवाज चढवला नाही, उतरवला नाही. "जीव द्यायचं ठरवलंय का?"

मला वाटलं, असं कुणी तोंडावर विचारतं का! पण विचारायचं असतं, हे मी त्या दिवशी शिकले. ते घड्याळाकडे बघतच बोलले.

"गुरुवारी रात्री. आता नाय सोसत डॉक्टर. दुखत नाय तेव्हा पन तिकडंच बघत बसतो मी."

त्यानंतर मॅडम बोलत राहिल्या आणि ते ऐकत राहिले. बरोबर चार दहाला बोलता बोलता त्यांची डावी पापणी खाली आली. डोळा लाल झाला, पाणी वाहू लागलं. ते उठून येरझाऱ्या घालू लागले. मास्क मी घट्ट धरला, सिलिंडर मॅडमनी पूर्ण सोडला. पंधरा मिनिटं घरात नुसता हवेचा आवाज. मग त्यांचे खांदे सैल पडले.

भाभींना तेव्हा सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. नवऱ्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "मला सोडून सगळ्यांचा हिशेब केलात ना!" तेव्हा कुठे तो माणूस रडला.

धाकट्या भावाला बोलावून त्याच्यासमोर घर तपासलं, त्या रात्रीसाठी ठेवलेलं काढून घेतलं. त्याच संध्याकाळी त्यांना भरती केलं. मनाच्या डॉक्टरांनीही हातात घेतलं. स्टेरॉइड आणि बीपीची एक जुनी गोळी सुरू झाली. गुरुवारी चार दहाला दुखलंच. शुक्रवारीही दुखलं; नऊ. मी स्वतः लिहिलं. तिसऱ्या आठवड्यात पहिलं शून्य आलं. आता ते कामावर जातात.

मॅडमनी परवानगी घेऊन कुणाला काय दिलं त्याचा गुप्त कोड उघडला, तर इकबालभाईंना खरं औषध मिळत होतं. पाणी नव्हे. ज्या औषधावर आमचा एवढा जीव, ते ह्या माणसाला लागू पडलं नव्हतं. मॅडमनी औषधाच्या कंपनीला ते तसंच कळवलं. कंपनीचा मेल आला: डायरी अविश्वसनीय, पेशंट बाद.

नियमाने बरोबरच आहे ते. फक्त मी नव्या मुलींना एवढंच सांगते: डायरी खोटी निघाली तर लाल शेरा संध्याकाळी मारला तरी चालतो, माणसाकडे मात्र त्याच मिनिटाला निघायचं.