सगळ्यांचे चौकोन सारखे

शाळा बंद होत्या त्या दिवसांची मला अजून आठवण येते म्हटलं, तर लोक वेड्यात काढतील. काढू देत! तेव्हा मी आत्याच्या घरी अडकले होते, आणि आमची आत्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. हात हलवल्याशिवाय तिला घरातही बोलता यायचं नाही. भाजीत मीठ कमी पडलं, तरी आधी हात बोलायचे, मग तोंड.

वर्ग मोबाइलवर घ्यायचं ठरलं. हेडमास्तरांनी ॲप निवडलं. "बाई, आवाज काय खणखणीत येतो!"

"अहो सर, पण ऐकणार कोण?" आत्या म्हणाली. मला हसू आवरेना.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्या ॲपवर ज्याच्याकडून आवाज येईल तोच मोठा दिसायचा. मुलं बिचारी हातांनी बोलायची, आणि कुणाचा कुत्रा भुंकला की पडदाभर त्याचंच घर. आत्याचा जीव खळीत अडकला होता. खळी हे वर्गातल्या मुलांनीच एका मुलीला ठेवलेलं खुणेचं नाव, गालावर बोट टेकवलं की ती. तिच्या घरात हातांची भाषा कुणालाच येत नव्हती. शाळा बंद झाली, तसं पोरीचं बोलणंच बंद झालं. आता वर्गातही ती दिसली नाही, तर तिनं बोलायचं कुणाशी?

"दुसरं शोध," आत्यानं फर्मान सोडलं. मग आम्ही दोघी दोन खोल्यांत फोन घेऊन बसायचो. मी स्वयंपाकघरात हातवारे करायचे आणि ती बाहेरून ओरडायची, "बोटं कुठं गेली मेली?" आता आत्या नाही. ते ओरडणं पुन्हा ऐकायला मी काहीही देईन.

एका ॲपनं माझ्यामागे झकास समुद्र लावला आणि माझे हातच गिळले. दुसऱ्यात हात जरा भरभर फिरला की नुसता लगदा. शेवटी एक सापडलं. दिसायला गबाळं, आवाज रांजणातून आल्यासारखा, पण सगळ्यांचे चौकोन सारखे आणि बोटन् बोट स्पष्ट. हेडमास्तरांनी नाक मुरडलं. "सर, कानात बोळे घाला आणि मग बघा," आत्या म्हणाली. त्यांनी खरंच घातले, आणि निमूट होकार दिला.

पहिल्या दिवशी खळी नुसती बसून होती. मग वर्गातल्या एका चष्मेवाल्या पोरानं तिची खोडी काढली, आणि बाईसाहेब अशा उसळल्या की हात थांबेनात! दोघांची चांगलीच जुंपली. दटावायचं सोडून आत्या डोळे पुसत मला म्हणाली, "भांडतायत गं, बघ, भांडतायत!"

तेवढ्यात खळीच्या मागे तिची आई दिसली, हातात ओले कपडे. ती तिथंच थबकली. बराच वेळ लेकीचे हात बघत राहिली.

"बाई, ही एवढी बोलते?"

"महाबडबडी आहे तुमची लेक."

"मला वाटायचं, हिला काही सांगायचंच नसतं."

आत्या म्हणाली, "बसा तिच्याजवळ. आजपासून तुम्हीही माझ्या वर्गात."

आईनं कपडे खाली ठेवले. खळी सरकली आणि तिनं आईला जागा करून दिली.