निळ्या ठशांच्या धड्यावरची क्वेरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सुजाताचं टेबल स्टोअररूममध्ये गेलं ते आमचे बॉस मेहता सर यांच्यामुळे नाही, माझ्यामुळे.

घाटकोपरला आमचं शालेय पुस्तकांचं ऑफिस आहे. मी संपादक, सुजाता प्रूफरीडर. मजकुरात शंका आली की ती समासात लिहायची. त्याला आम्ही क्वेरी म्हणतो. संपादकाने उत्तर दिल्याशिवाय पान छपाईला जात नाही.

दुपारी एकला सगळ्यांचे डबे एकाच टेबलावर उघडायचे. सुजाताच्या सुकटाच्या चटणीत पहिला चमचा माझा असायचा. एका वर्षी तिच्या बोटांवर कोड आलं, डाग मनगटापर्यंत गेले. कोड स्पर्शाने पसरत नाही, हे आठवीच्या पुस्तकात मीच छापलं होतं. तरी माझा हात मागे आला. मग एक दिवस मी मेहता सरांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, सुजाताचे ते डाग... जेवताना लोकांना जरा कसंतरी होतं."

"कोणाला?"

"सगळ्यांनाच."

कुणी काही बोललं नव्हतं.

सोमवारी तिचं टेबल पुस्तकांचे गठ्ठे ठेवायच्या स्टोअररूममध्ये हललं. तिथे शांतता आहे, काम चांगलं होईल, असं सरांनी तिला सांगितलं. डबाही ती तिथेच खायला लागली. दोन दिवसांनी माझ्याकडे आली.

"सर, तुम्ही बोला ना त्यांच्याशी. तुमचं ऐकतात ते. मी काय आता गठ्ठ्यांशी गप्पा मारू?"

"बघतो," मी म्हणालो.

तेव्हा नववीच्या पुस्तकाचं काम चालू होतं. त्यात एक रूपककथा होती, म्हणजे गोष्ट एकाची आणि बोट दुसऱ्याकडे. एका माणसाच्या पायांचे ठसे निळे उमटू लागतात. गावकरी आधी ठसे पुसतात, मग त्याला वेशीबाहेरूनच चालायला लावतात. 'गावकरी असे का वागले?' या प्रश्नाचं नमुना उत्तर मी लिहिलं होतं: 'त्यांना वेगळेपणाची सवय नव्हती.'

प्रूफ परत आलं. समासात तिचं बारीक अक्षर: 'सर, ठसे निळे आहेत हे सगळ्यात आधी कोणी सांगितलं? मुलं विचारतील.'

तिला माहीत होतं का, मला आजही कळलेलं नाही. मी खाली लिहिलं, 'ओके. बदल नाही.' पान गेलं.

महिनाअखेरीला तिने नोकरी सोडली. जाताना माझ्या टेबलाशी थांबली. "तुम्ही प्रयत्न केलात सर. थँक्यू."

ओके लिहिलं की पान पुढे जातं, एवढंच. क्वेरी तिथेच राहते. तो धडा अजून छापला जातो, माझ्याच उत्तरासकट. सुजाताचा नंबर माझ्याकडे आहे. 'सगळ्यात आधी मी सांगितलं', एवढं उत्तर मी तिला देणं लागतो.