वरंध घाटातून एका नुरा कुस्तीपर्यंत

दिवाळीत मी शीतलला सरळ विचारलं होतं. ती म्हणाली, "बघू." मार्च संपत आला तरी तिचं बघूच चाललं होतं. मधल्या काळात मी इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून घरी बसलो, वडिलांनी माझ्याशी बोलणं बंद केलं, आणि ती मात्र रोज न चुकता "जेवलास का?" एवढंच विचारत राहिली. मग एका गुरुवारी मेसेज आला, की रविवारी आमच्या गावची जत्रा आहे, कुस्त्या असतात, यायचं तर ये. मी त्याच मिनिटाला ठरवलं, जायचं. आणि हो की नाही ते ऐकल्याशिवाय परत यायचं नाही.

तुम्हाला नुसता रस्ता आणि खाणं हवं असेल तर तेही सांगतो. गावाचं नाव मात्र देणार नाही. पोलादपूरहून कुडपणच्या बाजूला चढत जाताना लागतं, एवढं पुरे.

शनिवारी सकाळी सहाला पुण्यातून बाईक काढली. भोरला मिसळ खाल्ली, नुसती लाल, तिखट अजिबात नाही. टाकी मात्र भोरलाच भरून घ्या, पुढे घाटात पेट्रोलच्या भरवशावर राहू नका. भोर सोडलं की बराच वेळ धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं रस्ता जातो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं आणि बुडालेल्या शेतांचे बांध पुन्हा वर आलेले दिसतात. रस्ता अरुंद, वळणावर हॉर्न द्यायचाच. पावसाळ्यात हा घाट बऱ्याचदा बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी विचारून घ्या.

घाटमाथ्यावर भज्यांच्या टपऱ्या आहेत. तिथे एक जीप थांबलेली आणि दोन पैलवान एकाच प्लेटमधली कांदाभजी खात बसलेले. पैलवान हे कानांवरूनच कळतं, चुरगळून टाकलेल्या कागदासारखे कान. एकाच्या गुडघ्याला पट्टा होता. दुसरा त्याला शेवटचं भजं खायचा आग्रह करत होता, नवऱ्या मुलाला करतात तसा. मी विचारलं तर म्हणाले, उद्या पोलादपूरच्या वर एका जत्रेत शेवटची कुस्ती आमची आहे. गावाचं नाव सांगितलं, तर शीतलचंच गाव. मला तो शकुन वाटला. पट्टेवाल्यानं माझ्या दंडाला हात लावून पाहिलं आणि हसला. "भावा, बघायला ये. पण लवकर जेवून ये, आमची लांबते."

तेव्हा मला काही कळलं नाही.

घाट उतरून वरंध, मग बिरवाडी. बिरवाडीत माझा शाळेतला मित्र अमर राहतो, शेजारच्या एमआयडीसीत कामाला आहे. एका खोलीत तिघं. मेसमध्ये शंभर रुपयांत पोटभर थाळी मिळते, भात हवा तेवढा. अमरला मी सगळं सांगितलं. त्यानं आमटीतून मान वर न काढता सल्ला दिला, की तिथे जाऊन तोंड बंद ठेव. मी म्हटलं, तोंड बंदच ठेवायचं तर जाऊ कशाला?

रविवारी महाडवरून हायवेनं पोलादपूर, आणि तिथून डोंगराकडे. ऊन असं, की हेल्मेटमध्ये डोकं शिजतंय असं वाटावं. पाण्याची बाटली दोन घ्या. गावात शिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मुंबईहून आलेल्या गाड्या लावलेल्या. एरवी कुलपं असलेली घरं त्या दिवशी उघडी असतात.

शीतलनं घरी माझी ओळख करून दिली. "कॉलेजचा मित्र. फिरतो, ब्लॉग लिहितो." कॉलेज सोडल्याचं गाळलं, बाकीचंही गाळलं. तिच्या आईनं ओट्यावर चटई टाकली. "बस रे. उन्हातनं आलास, आधी पाणी घे." मग मटण आणि नाचणीची भाकरी. अशी भाकरी पुण्यात पैसे देऊनही मिळणार नाही. तिचा धाकटा भाऊ महेश समोर बसून जेवत होता. तो कळंबोलीला गोदामात पोती उचलतो. माझं मनगट त्याच्या अंगठ्याएवढं होतं आणि ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं. शीतल वाढत होती. मी एकदा हळूच म्हटलं, बोलायचंय. ती म्हणाली, कुस्त्या झाल्यावर.

फड म्हणजे गावाखालचं भाताचं शेत. कापणीनंतर मोकळं पडलेलं, नांगरून, ढेकळं फोडून, वर लाल माती टाकून मऊ केलेलं. चारी बांधांवर माणसं. हलगी सुरू झाली की छातीत ठोके बदलतात, हे खरं आहे. गावातल्या आणि आसपासच्या पोरांच्या कुस्त्या आधी लागल्या. ज्याला खेळायचंय तो एक हात वर करून फडात फेरी मारतो, म्हणजे मला जोड द्या. मग पंच त्याच्या वजनाचा कुणीतरी उभा करतात. बक्षीस नारळ, नाहीतर स्टीलचा टोप. त्या टोपासाठी दोघांनी ओठ फाटेपर्यंत झुंज घेतली, आणि हरलेला उठून जिंकलेल्याच्या पाठीवरची माती झटकत होता. मला आवडलं. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

मग शेवटची. माझे भजीवाले दोघं. लाऊडस्पीकरवर त्यांच्या नावापुढे अशी विशेषणं लागली, की मी उठून उभाच राहिलो.

आणि मग काही झालंच नाही. दोघांनी एकमेकांच्या मानेवर हात टाकले, कपाळाला कपाळ टेकलं आणि उभे राहिले. किती वेळ उभे राहावं? पट्टेवाला गुडघ्यावर बसला, दुसरा त्याच्या पाठीवर पसरला, गादीवर पडावं तसा. दोघांचे ओठ हलत होते. गप्पा चालल्या होत्या! मध्येच उठायचं, माती अंगाला लावायची, शड्डू ठोकायचा, त्या शड्डूचा आवाजसुद्धा धड नाही, आणि पुन्हा मानेवर हात. बांधावरच्या बायका हसायला लागल्या. माझ्या शेजारचे एक आजोबा म्हणाले, "जेवन जड झालाय त्यांना." स्पीकरवाला मात्र सांगत होता, श्वास रोखून पाहा. कमिटीची माणसं मैदानाकडे पाठ करून रस्त्याकडे बघत होती.

अशा कुस्तीला नुरा म्हणतात. आधी ठरवून, नुसती दाखवायला खेळलेली. बाकी सगळे ते गंमत म्हणून घेत होते. मला नाही जमलं. पाच महिने मला कुणी पाडतही नव्हतं आणि सोडतही नव्हतं, आणि इथे हे दोघं पैसे घेऊन तेच करत होते. मी बांधावरून उडी मारली आणि हात वर करून ओरडत फडात गेलो. "नुरा आहे ही! बंद करा!"

हलगी थांबली. मग वेगळ्याच ठेक्यात सुरू झाली. पैलवानांनी लगेच एकमेकांना सोडलं, त्यांना काय, विश्रांतीच. पंच म्हणजे पांढऱ्या मिशांचे एक म्हातारे. ते माझ्याजवळ आले, शांतपणे माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "हात वर केलास ना रे? मग आधी पायातला काढ."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी सँडल घालून मातीत उभा होतो आणि माझा हात अजून वर होता. त्या फडात त्याचा अर्थ एकच. मी सांगायला लागलो की मला फक्त तक्रार करायची होती. पंच म्हणाले, तक्रार करणारा बांधावरनं करतो.

जोड म्हणून महेश उतरला. शर्ट काढून आईकडे दिला. शीतल आईच्या शेजारी उभी होती, मी तिच्याकडे बघितलं नाही.

मी सगळा जोर लावला. कॉलेज, वडील, "जेवलास का", सगळं डोक्यात घेऊन त्याच्या पोटात मुसंडी मारली. महेश दोन पावलं मागे गेला. मला आनंद झाला. मग त्यानं मला उचललं आणि खाली ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं, काचेची बरणी ठेवतात तसं. पुन्हा धरलं, पुन्हा सैल सोडलं. मी ढकललं की तो जात होता. माझ्या कानाशी त्याचं तोंड आलं तेव्हा तो कुजबुजला, "दमानं रे. ताईनं सांगितलंय, लागू देऊ नको."

पंचांनी बरोबरीत सोडवली. दोघांना एकेक नारळ. बांधावरून टाळ्या पडल्या, दिवसभरातल्या सगळ्यात मोठ्या.

नळावर माती धुताना पट्टेवाला भेटला. रागावला नव्हता. म्हणाला, प्रमुख पाहुणे यायला उशीर होता, ते येईस्तोवर कुस्ती उभी ठेवा असं कमिटीनंच सांगितलं होतं, आणि परवा त्याला अजून एक जत्रा होती. "गुडघा गेला तर माझं घर कोण चालवणार, तू? आन् तुझी कुठं खरी झाली रं?"

शीतल घरामागे फणसाखाली थांबली होती. मी नारळ हातात घेऊनच गेलो.

"तू सांगितलंस त्याला?"

"हो. हात मोडला असता तुझा."

"मोडू द्यायचा होता."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं, मग ऐक. नाही."

मी विचारलं, कॉलेज सोडलं म्हणून?

"नाही रे. दिवाळीतही नाहीच होतं. तुला लागेल म्हणून बघू म्हटलं." मग म्हणाली, "चुकलं माझं."

ओट्यावरून तिच्या आईनं हाक मारली, "शीतल, चहा घेऊन जा गो त्याला." मी चहा घेतला. काय करणार. चहा चांगला होता.

सोमवारी त्याच घाटानं परत. भज्यांच्या टपऱ्यांपाशी थांबलो नाही. सँडल गावातच राहिले होते, बिरवाडीतून अमरची चप्पल घालून आलो. दुपारी दोनला घरी. आईनं नारळ बघून विचारलं, कुठल्या देवाचा? मी म्हटलं, कुस्तीत मिळाला. वडिलांनी पेपर खाली केला. "जिंकलास?" कित्येक आठवड्यांनी ते माझ्याशी बोलले होते, खोटं सांगता आलं असतं. नाही म्हटलं. त्यांनी पेपर पुन्हा वर केला.

जाणाऱ्यांसाठी: जत्रा मार्च-एप्रिलमध्ये असते, पोलादपूरला चौकशी केली की कळतं. जेवायला कुणीही बोलावतं, जा. बांधावर सावलीची बाजू धरा. शेवटच्या कुस्तीपेक्षा टोपाच्या कुस्त्या बघा. आणि फडाजवळ हात खाली ठेवा.

काल महेशचा मेसेज आला. सँडल ठेवलेत, पुढल्या वर्षी ये, या वेळी खरी लावू. मी "बघू" टाइप केलं. मग ते खोडलं आणि "नाही येणार" असं पाठवून दिलं.