उभ्यानं वाजवायचं होतं

लोधिवलीचा गजा म्हसकर ढोल हातानं वाजवतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्याला एकदा एका जागी उभं करून बघावं.

गजाचा खालूबाजा म्हणजे ढोल, टिमकी, सनई आणि झांज घेऊन गावोगावच्या वराती-पालख्यांत वाजवणारी चौघांची पार्टी. बापाच्या पार्टीतून बाहेर पडून स्वतःची काढली, त्याला तिसरं वर्ष होतं. अब्रारच्या टेंपोतून पेणपासून कर्जतपर्यंत सगळीकडे हिंडून झालं, पण वाजवलं ते सगळं चालताना. गजाचं पाऊल पडलं की ठेका पडायचा. गजा थांबला की ठेका लंगडायचा, आणि बाकीचे तिघे त्याच्या तोंडाकडे बघून वाजवणारे, म्हणजे आनंदच. टेंपोतला सरावसुद्धा टेंपो पळतोय तोवर. खालापूरच्या टोलनाक्याला रांग लागली की सगळं गप्प.

"गजादा, तुमचा ढोल माझ्या डिझेलवर चालतो," अब्रार म्हणायचा.

गजाला त्याचं काही वाटत नसे. वाटलं ते आवडीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या बोलण्याचं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. वरात दारावरून जायची तेव्हा आवडी ओट्यावर येऊन उभी राहायची. ढोल समोर आला की दोन मिनिटं ऐकू यायचा, मग देवळाकडे वळून विरायचा. वरातीत वऱ्हाडी चालतात. वाजवणाऱ्याच्या बायकोनं कोणत्या नात्यानं चालायचं?

"तुमचं वाजवणं मी पुरतं कधी ऐकलंच नाय," भाकरी थापता थापता ती म्हणाली. "येतं नि जातं."

तिला टोचून बोलायचं नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं.

त्याच महिन्यात कर्जतच्या एका हॉलमधल्या लोककलेच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. स्टेज, माइक, समोर खुर्च्या. गजानं आधी आवडीसाठी पहिल्या रांगेतली खुर्ची सांगून ठेवली.

"पयल्यापासून शेवटपर्यंत ऐक," तो म्हणाला. "मी हलणार नाय."

बोलून बसला खरा. अंगणात उभ्यानं वाजवायला घेतलं, तर ठेका पेंगायला लागला आणि पाय निघाले फाटकाकडे. सनईवाला विपुल त्याचा पुतण्या. पार्टीतलं डोकं तेवढं एक. त्यानं काकाचे पाय दोन घमेल्यांत ठेवले.

"आता कुठं जाल?"

गजा घमेल्यांसकट खडखडत शेजारच्या मोतीबाईच्या अंगणात गेला. मोतीबाईनं घमेली ओळखली. दिवाळीपासून तीच शोधत होती.

"आणून दिलीस, बरं केलंस रं," असं म्हणून तिनं ती काढून घेतली.

शेवटी जागच्या जागी पावलं टाकायची असं ठरलं. आठ दिवस गजा अंगणात उभा राहून चालला. नवव्या दिवशी जमलं.

हॉलमध्ये आवडी ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर पिशवी घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. गजानं सुरू केलं. पाय जागेवर, ठेका पक्का. मग त्याची नजर आवडीकडे गेली. तिनं डोळे मिटले होते आणि मान हळूहळू डोलत होती. वाजवताना बायकोचा चेहरा त्यानं अठरा वर्षांत असा पाहिलाच नव्हता. त्याला इतका आनंद झाला की पाय सुटले.

माइक मागे राहिला. गजा पायऱ्या उतरला, मागोमाग तिघेही उतरले, आणि खुर्च्यांच्या मधून सगळी पार्टी दाराकडे निघाली. दारावरच्या माणसाला वाटलं कार्यक्रमच असा आहे. त्यानं दोन्ही दारं उघडून धरली.

उन्हात आल्यावर गजा भानावर आला. थांबलं तर ठेका मोडणार, चाललं तर आवडी मागे राहणार. शब्द दिला होता आणि मोडला. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

"थांबू नका," शेजारून आवाज आला. आवडी पिशवी काखेत मारून पावलाला पाऊल लावत चालली होती. "चला तुमी. मी हाय."

मागून अर्धा हॉल येत होता. ती मात्र कुणाकडे न बघता ढोलाच्या अंगानं चालली, पार रिक्षा स्टँडपर्यंत. तिथं शेवटचा ठोका पडला.

"संपलं?"

"संपलं," गजा म्हणाला.

आवडीनं पदरानं तोंड पुसलं आणि हॉलच्या दिशेनं वळली.

"परत जायचंच हाय ना? मग घ्या पयल्यापासून."